मावळे सुटेनात

“तिला आता नीट दिसत नाही. कबूल करणार नाही, एवढंच.”

बाबा आत्याच्या गॅलरीत उभे राहून फोनवर आईला सांगत होते. पाठ माझ्याकडे होती. आवाज हळू होता, पण तो मुद्दाम हळू केलाय हे कुणालाही कळलं असतं. मी चहाचे कप घेऊन सरकत्या दाराशी पोचले होते. पुढे जावं की मागे फिरावं हे ठरेना, म्हणून नेहमीसारखी होते तिथेच उभी राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीतून आवाज आला. ठक. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. आत्याची लाकडी हातोडी साच्याच्या बिजागरीवर पडत होती, आणि साच्यातले मावळे काही सुटत नव्हते.

“ऐकलंस? आठवडाभर हेच चाललंय,” बाबा फोनमध्ये म्हणाले. मग वळले, मला पाहिलं आणि लगेच म्हणाले, “अरे वा, चहा!”

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता तो.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वारज्याला एकटी राहते. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. “त्यामुळे पहिला बाक कायम मोकळा मिळायचा,” एवढंच ती त्याबद्दल सांगते. पुढे निवृत्त होईपर्यंत भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होती. टूलरूम म्हणजे जिथे वस्तू बनत नाहीत, वस्तूंचे साचे बनतात ती जागा. निवृत्तीनंतर लोकांनी तिला भजनी मंडळ, योगासनं, नातेवाइकांची लहान मुलं असे बरेच पर्याय सुचवले. तिने धातू कातायचा एक जुना, छोटा लेथ घेतला आणि दुसऱ्या बेडरूममध्ये पलंगाच्या जागी बसवला. “पाहुणे आले की झोपणार कुठे?” असं आईने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, “म्हणून तर.”

त्या लेथवर ती काय काय करायची. शेजाऱ्यांच्या मिक्सरचे तुटलेले भाग, कुणाच्या व्हीलचेअरची चाकं, देवळातल्या घंटेचा लोळा. आणि दर दिवाळीला मावळे. सोसायटीतली मुलं पार्किंगच्या कोपऱ्यात विटा-मातीचा किल्ला करतात. त्यावरचे मावळे आत्या ओतून देते. बाजारात मातीचे रंगवलेले मिळतात, पण आत्याचे मावळे बुरुजावरून पडले तरी फुटत नाहीत. मुठीत धरले की त्यांचं वजन लागतं. दिवाळी संपली तरी मुलं ते परत करत नाहीत, कंपासपेटीत ठेवतात. आत्यालाही ते परत नको असतात. ते ती शुद्ध कथलाचे करते. शिसं ओतायला सोपं असतं, पण मुलं काय वाटेल ते तोंडात घालतात, असं तिचं म्हणणं.

जुना साचा झिजला होता. म्हणून त्या वर्षी तिने नवा करायला घेतला. आणि त्याच पावसाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

डोळ्यांत औषध घालायला कुणीतरी हवं होतं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहिते. लॅपटॉप असला की कुठेही बसून काम होतं. त्यामुळे स्वारगेटजवळच्या आमच्या घरून माझी रवानगी वारज्याला झाली. “हिला ठेवून घेते,” आत्या म्हणाली, “घरात आवाज तरी व्हायचा नाही.”

हे खरंच होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच बोलायचो, पण मोठ्या माणसांसमोर बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवायचे, क्रियापद बरोबर आहे ना ते तपासायचे, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. सगळ्यांनी मला शांत ठरवून टाकलं होतं. मलाही ते सोयीचं होतं. शांत माणसाला कुणी फार प्रश्न विचारत नाही आणि त्याला दिसतं बरंच काही.

मला तेव्हा आत्याचे हात दिसायचे. डोळ्यांवरचा गडद चष्मा गेल्यावर तिने घेतलेलं पहिलं काम म्हणजे हा साचा. ॲल्युमिनियमचे दोन चपटे ठोकळे, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला लाकडी मुठी, मोठ्या चिमट्यासारखं. एका ठोकळ्यात मावळ्यांची पुढची बाजू, दुसऱ्यात मागची. मिटले की आत तीन मावळ्यांची पोकळी तयार. एक ढाल-तलवारवाला, एक भालेवाला आणि एक नगारा वाजवणारा. मोठी पोकळी तिने लेथवर कटर लावून काढली, पण मुंडासी, मिशा, कपाळावरच्या आठ्या हाताने कोरल्या. उलट्या. म्हणजे नाक पुढे यायचं तर तिथे खड्डा, खांद्याला जिथे खळगा तिथे उंचवटा. मी डायनिंग टेबलवरून बघत बसायचे. ती कोरणी ढकलायची नाही. कोरणी स्थिर धरून तिच्याखाली ठोकळा फिरवायची. मध्येच डोळे मिटून बोटाच्या टोकाने खड्डा चाचपायची. एकदा मला म्हणाली, “इकडे ये. ही भिंत सरळ वाटते का बघ.”

मी म्हटलं, “हो.”

“चूक. किंचित बाहेर झुकलेली आहे. भाकरीच्या परातीसारखी. सरळ भिंत असली तर आतली वस्तू भिंतीला धरून बसते, बाहेर येत नाही. आत झुकली तर विचारूच नको.” मग थोड्या वेळाने, वर न बघता, “आणि हे बारीक चरे बघितलेस? पोकळीपासून कडेपर्यंत ओढलेत ते. हवेला बाहेर जायला वाट. हवा कोंडली की धातू कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. तुलाही असे दोन पाडून घे कुठेतरी.”

मी हसले. तीही हसली, पण ठोकळ्याकडे बघत.

बाबांना हे सगळं पसंत नव्हतं. म्हणजे त्यांना बहिणीचा अभिमान होता, तो लपवताही यायचा नाही. पण ऑपरेशन झालेले डोळे, वितळलेला धातू आणि घरात रात्रंदिवस एकटी बाई, या तीन गोष्टी ते एका दमात उच्चारायचे. लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या ओळखीचे एक सर होते. विद्यार्थ्यांसाठी त्यांना असा छोटा लेथ हवाच होता. “चांगल्या जागी जाईल, ताई. पोरं शिकतील,” बाबा म्हणाले.

आत्याने ते ऐकून घेतलं, हे मला जास्त लागलं. एरवी तिने वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. ती म्हणाली, “हा साचा होऊ दे. नीट चालला तर लेथ इथेच राहील. नाही चालला तर माझे डोळे गेले असं समजू आणि तुझ्या सरांना मीच टेम्पो घेऊन बोलावते.”

“बघ हं. शब्द दिलास.”

“शब्द कसला, लेथच देईन.”

साचा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरा झाला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आमच्या घरी पूजेला विळी, स्क्रू ड्रायव्हर आणि बाबांचा कॅल्क्युलेटर मांडतात. बाबा बँकेत होते. त्यामुळे ते दरवर्षी सकाळी आमची पूजा उरकून आत्याकडे येतात, खऱ्या हत्यारांची पूजा करायला. नवं हत्यार पूजेआधी वापरायचं नाही, हा त्यांचा नियम. आत्या देवाधर्माचं फारसं करत नाही, पण हा एक नियम ती पाळते, भाऊ उत्साहाने येतो म्हणून.

आदल्या संध्याकाळी तिने साचा उघडून गरम पाण्याने, भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासघासून धुतला. कोरताना वापरलेल्या तेलाचा अंशही आत राहता कामा नये. राहिला तर धातू ओतल्यावर त्याचा धूर होतो, मूर्तीवर सुरकुत्या पडतात आणि उरलेलं तेल भाजून साच्याला चिकटतं, असं तिने मला सांगितलं. मग माझा हेअर ड्रायर मागून घेतला आणि साचा कोरडा केला. आपल्या हेअर ड्रायरचा इतका चांगला उपयोग मी कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाटावर करवती, कानशी, छिन्न्या, मायक्रोमीटर आणि मध्यभागी नवा साचा मिटून ठेवलेला. लेथला झेंडूची माळ. आत्या बाबांना म्हणाली, “हळद-कुंकू मुठीला लाव. आत हात घालायचा नाही.”

“नाही गं बाई.”

तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजारच्या काकू आपट्याच्या पानांचं विचारायला आल्या होत्या, आत्या दारात बोलत राहिली. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि साचा उघडला. आतले मावळे बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं हे आता रडतात की काय. “काय केलंय गं हिने,” ते पुटपुटले. “मिशीचा केस न् केस.” आणि मग, माझ्याकडे बघून, अगदी गंभीरपणे, “लढाईला निघालेत. कपाळ मोकळं कसं चालेल?” धातूवर कुंकू टिकत नाही म्हणून त्यांनी वाटीत समईतलं तेल टाकून ते कालवलं आणि करंगळीशेजारच्या बोटाने एकेका मावळ्याच्या कपाळावर, म्हणजे कपाळाच्या त्या उलट्या खड्ड्यात, टिळा लावला. साचा मिटला. नमस्कार केला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला आले तेव्हा त्यांनी तो हळूच उघडून, रुमालाचं टोक पिळून सगळे टिळे पुसले. लाल काही दिसेना. “आत्याला सांगू नकोस,” ते मला म्हणाले. “वर्षभर ऐकवेल.”

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलंय.

पहिला घाणा आत्याने दसऱ्यानंतरच्या सोमवारी काढला. ड्राय बाल्कनीत शेगडी, शेगडीवर लोखंडी कढलं, कढल्यात कथील. आधी राखाडी साय धरते, ती बाजूला केली की खाली आरसा. आत्याने साचा मिटला, लोखंडी पळीने वरच्या तोंडातून कथील ओतलं, मनाशी काही मोजलं आणि साचा उघडून वाळूच्या थाळीवर उलटा केला.

काही पडलं नाही.

तिने लाकडी हातोडीने बिजागरीवर टिचकी मारल्यासारखं मारलं. “साच्यावर कधी मारायचं नाही,” मला म्हणाली. “साचा लक्षात ठेवतो.” पुन्हा मारलं. मावळे तिथेच. शेवटी बांबूच्या काडीने एकेकाला उचकटून काढावं लागलं. तलवारवाल्याच्या कपाळावर सुरकुत्या होत्या, तिने कोरलेल्या आठ्यांच्याच वर आणखी काहीतरी, वाळलेल्या आल्यासारखं. भालेवाल्याचा भाला वाकला होता.

दुसरी कुणी असती तर साच्यावर, कथलावर, निदान माझ्यावर तरी चिडली असती. आत्या त्या वाकड्या भालेवाल्याला तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. डॉक्टर एक्स-रे बघतात तशी. मला वाटतं, मी तिच्या प्रेमात पडले ती तेव्हा. इतकी वर्षं ती माझी आत्या होती, तो वेगळा भाग.

“साचा थंड असेल,” ती म्हणाली आणि साचा कढल्याच्या काठावर टेकवून तापवला. पुन्हा ओतलं. सुरकुत्या थोड्या कमी झाल्या, चिकटणं वाढलं.

मंगळवारी तिने मेणबत्ती लावली आणि उघड्या साच्याला आतून काजळी धरली. काजळीचा पातळ थर धातू आणि साचा यांच्यामध्ये राहतो, चटकन सुटतं. सुटलं. पहिल्या वेळेला तिघेही खळ्‌कन वाळूत पडले आणि मी टाळी वाजवली. आत्याने वाजवली नाही. दुसऱ्या वेळेला तिघेही पुन्हा अडकले. “काजळीने झाकलं जातं,” ती म्हणाली. “बरं होत नाही.”

बुधवारी तिने कापसाचा बोळा मागितला. साच्याच्या पोकळीच्या कडेकडेने तो बोळा अलगद फिरवत गेली, बाळाचा चेहरा पुसावा तसा. भाल्याच्या टोकाशी कापसाचे दोन तंतू अडकून राहिले. “सापडला.” कोरताना धातूचा एक केसाएवढा बारीक कंगोरा उलटून वर आला होता, डोळ्यांना दिसणार नाही असा. कापसाला तो लागला. तिने लाकडी काडीच्या टोकाला पॉलिशची पेस्ट लावून तो हळूहळू घासून काढला. पोलादी हत्यार साच्याच्या आत घालायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. त्यानंतर भाला सुटायला लागला. भालेवाल्याचं धड सुटलं, नगारा सुटला, ढाल सुटली. फक्त तिघांची डोकी सुटेनात. साचा उलटा केला की मावळे पाय बाहेर काढून डोक्याने लटकत राहायचे.

“काहीतरी डोक्यातच आहे यांच्या,” मी म्हटलं. माझ्या तोंडून सहज निघालं.

“मावळेच ते,” आत्या म्हणाली. “असायचंच.”

पण त्या दिवशी रात्री जेवताना तिचं बोट ताटाच्या काठावरून फिरत राहिलं. मला कळत होतं ती काय करतेय. कोरलेल्या डोक्यांची एकेक भिंत ती मनात पुन्हा चाचपत होती. कुठे आत झुकली असेल, कुठे हात थरथरला असेल, कुठे दिसलं नसेल.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी दारात येऊन उभी राहिली. किल्ल्याची तीच मुख्य होती. “आजी, मावळे झाले का? नाहीतर आम्ही प्लास्टिकचे आणतो.”

“आणा की,” आत्या म्हणाली. “प्लास्टिकचे फार चांगले. वारा आला की स्वतःहून गड सोडतात.”

मुलगी खुदकन हसली. “मग तुमचे कधी?”

“सुटले की.”

दार लावल्यावर आत्या थोडा वेळ दाराकडेच बघत उभी होती. या घरात वेळेवर न झालेलं काम मी आधी कधी बघितलं नव्हतं. तिनेही नसावं.

आणि मग तो शनिवार. बाबा आले होते, लेथच्या गोष्टीचं काय ते ठरवायला. त्यांनी विषय काढला नव्हता. चांगला माणूस विषय काढायच्या आधी जसा पंख्याला तेल हवंय, भिंतीला रंग हवाय असलं काहीबाही बोलतो तसं बोलत होते. मग गॅलरीत जाऊन आईला फोन केला, आणि मी चहा घेऊन दारात.

चहा पिऊन झाल्यावर आत्याने बाल्कनीतून हाक मारली. “कपाटाच्या वरच्या खणातलं भिंग आण गं.”

मी आणलं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं काळं भिंग, टूलरूममधलं. आठवडाभर तिने ते काढलं नव्हतं. का काढलं नव्हतं ते मला माहीत होतं. साचा तिने नव्या चष्म्याने, स्वतःच्या डोळ्यांनी केला होता. तपासायलाही तेच डोळे पुरायला हवे होते. आता भिंग मागणं म्हणजे काय, ते बाबांनाही कळलं असावं. ते उठून माझ्यामागे बाल्कनीच्या दारात येऊन उभे राहिले.

आत्याने साचा खिडकीकडे तिरका धरला आणि भिंग लावून डोकं खाली घातलं. बराच वेळ हलली नाही. मग बांबूच्या काडीने तलवारवाल्याच्या कपाळाच्या खड्ड्यात खरवडलं. पांढऱ्या बशीत तपकिरी रंगाचा एक पापुद्रा पडला, मोहरीच्या सालाएवढा. तिने तो बोटांत चुरून वास घेतला.

“जळलेलं तेल,” ती म्हणाली. “कोरतानाचं. धुताना राहिलं.”

“तिन्ही डोक्यांत आहे. त्याला धरून बसलेत. भिंती हव्या तेवढ्याच झुकल्यात, कोरलेलं चांगलं आहे.” तिने भिंग काढून ओट्यावर ठेवलं. “फक्त धुतलेलं नाही. मी बघितलं होतं. मला स्वच्छ दिसलं होतं.”

“अगं ताई, होतं असं,” बाबा म्हणाले.

“इतरांचं होतं. माझं नाही व्हायचं.” तिने शेगडीची कळ फिरवली. ज्योत गेल्यावर बाल्कनी एकदम मोठी वाटायला लागली. “कोरायला चुकले असते तर पुन्हा कोरलं असतं. पण घाण समोर असून मला ती स्वच्छ दिसली, म्हणजे मग संपलंच. उद्या कुणाच्या तरी मशीनचा भाग असाच करून देईन, स्वच्छ दिसला म्हणून. लाव त्या सरांना फोन.”

बाबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांचा चेहरा मात्र शाळेत चुकून दुसऱ्याचं बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला. “बघू की उद्या. घाई काय आहे.”

“आज. लेथ देईन म्हटलं होतं ना? लाव.”

बाबांनी खिशातून फोन काढला आणि नंबर शोधायला लागले.

मी ओट्यावरचं भिंग उचललं. का, ते सांगता येणार नाही. इतके दिवस ती जे बघत होती ते एकदा तिच्यासारखं बघावं, असं वाटलं असेल. साचा जड होता, अजून कोमट होता. भिंगातून मिशीचा केस न् केस दिसला, मुंडाशाचे पीळ दिसले, आणि कपाळाच्या मधोमध तपकिरी डाग. नगारेवाल्याच्याही कपाळाच्या मधोमध. भालेवाल्याच्याही. तिन्ही गोल. तिन्ही एकाच मापाचे, माणसाच्या बोटाच्या टोकाने टेकवल्यासारखे. काडी अजून न लागलेल्या दोघांच्या डागाला कडेने अगदी बारीक, जवळजवळ नसलेली अशी लाल रेघ होती.

कोरायच्या तेलाला कपाळ ठाऊक नसतं. ते खोल जागी साठलं असतं, तलवारीच्या मुठीत, नगाऱ्याच्या काठाला. ते बरोबर दोन भुवयांच्या मध्ये, तिघांच्याही, कशाला बसेल?

मी मान वर केली. बाबा चष्मा कपाळावर सरकवून फोनचा पडदा लांब धरून बघत होते. त्यांच्या ध्यानीमनी काही नव्हतं. त्यांनी पुसलं होतं, लाल दिसत नव्हतं, त्यांच्या दृष्टीने टिळा संपला होता. प्रेमाने लावलेला टिळा कुठे चिकटून राहतो हे त्यांना कसं माहीत असणार. आणि आत्या खिडकीबाहेर बघत हात पुसत होती, तेच फडकं पुन्हा पुन्हा, हात केव्हाच कोरडे झाले होते. ज्या बाईने कापसाच्या दोन तंतूंवरून न दिसणारा कंगोरा शोधला, ती आता आपल्याला दिसत नाही यावर विश्वास ठेवून मोकळी झाली होती. तिने पुरावा बघितला होता आणि पुराव्यापुढे ती कधीच हुज्जत घालत नाही. त्याच गोष्टीसाठी मला ती सगळ्यात जास्त आवडायची.

बाबांनी फोन कानाला लावला. रिंग जात असल्याचं मला उभ्या जागी ऐकू येत होतं.

मी मान हलवून कबूल केलं होतं, सांगणार नाही म्हणून. आणि वाक्यही मला नीट जुळवता येत नव्हतं, कालवलेलं की कालवलेला, लावलं की लावला. मी तपासत बसले नाही.

“बाबा, फोन ठेवा. आत्या, तुझे डोळे चांगले आहेत. तू साचा धुतलास तेव्हा ते तिथे नव्हतंच. खंडेनवमीला तू दारात गेलीस ना, तेव्हा बाबांनी साचा उघडून एकेका मावळ्याला कुंकू लावलं. समईच्या तेलात कालवून.”